मोठी झालेली मुले

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात एचआयव्हीला जेमतेम अर्धे पान मिळते. सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत मी ते अर्धे पान वीसहून अधिक वर्षे शिकवले. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि बाधित आईकडून बाळाला, असे चार मार्ग फळ्यावर लिहायचे, हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणून खाली रेघ ओढायची आणि पुढच्या घटकाकडे वळायचे, हा माझा शिरस्ता होता. एका वर्षी नववीच्या वर्गात मी कोपऱ्यात आणखी एक ओळ लिहिली : 'उपचार – एआरटी' (म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी, रोज घ्यायची औषधे). दुसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी दर महिन्याला आजीसोबत सरकारी दवाखान्यात ज्या खोलीबाहेर बसत असे, त्या खोलीच्या दारावरही तीच अक्षरे होती. तिने फळ्यावरची ओळ वहीत उतरवून घेतली आणि त्या रात्रीपासून गोळ्या घेणे बंद केले. हे मला कळले सात महिन्यांनी, तिची आजी शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली तेव्हा.

तिच्या अव्वाने (आमच्या पूर्व भागातील तेलुगू घरांत आजीला अव्वाच म्हणतात) तोवर आपल्या परीने सारे बिनचूक केले होते. गिरण्या बंद पडल्यावर मुलगा भिवंडीला मागावर गेला, तिथून आजार घेऊन परतला आणि वारला. दीड वर्षाने सूनही गेली. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, संध्याकाळी त्या कारखान्यात मोजून द्यायच्या, यावर तिने नात वाढवली. औषधाच्या बाटलीचे लेबल ती पाण्यात भिजवून नखाने खरवडून काढी, गोळ्या पावडरच्या जुन्या डब्यात भरी आणि नातीला सांगे की या रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. नऊ वर्षांत एकही तारीख चुकली नाही. सात महिने मात्र नात गोळी तोंडात धरून मोरीत जाऊन थुंकत होती, आणि हे उघड झाले तेव्हा तिच्या तोंडात पांढरे चट्टे उठले होते, फुफ्फुसाचा टीबी झाला होता आणि पहिल्या टप्प्यातील औषधांना तिच्या शरीरातला विषाणू दाद देईनासा झाला होता.

ही चूक अव्वाची नव्हती. माझी काही अंशी होती. त्या वर्गात असे एखादे मूल बसलेले असेल ही शंकाही मला वीस वर्षांत आली नव्हती. पण मोठी चूक आपल्या व्यवस्थेच्या मूळ कल्पनेत आहे, आणि हा लेख तिच्याविषयी आहे. जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलांची काळजी म्हणजे त्यांना गोळी पोचवणे, असे आपण धरून चाललो आहोत. गोळी पोचवण्याचे काम आपल्याकडे खरोखर चांगले झाले, हे आधी मान्य केले पाहिजे. मात्र त्या यशामुळेच जो नवा प्रश्न उभा राहिला, त्याकडे पाहायला आपण तयार नाही.

कारण ही मुले मोठी होतील असे कोणी गृहीतच धरले नव्हते. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ साली स्थापन झाली. मोफत एआरटी सुरू व्हायला मात्र १ एप्रिल २००४ उजाडले, आणि मुलांसाठीचा स्वतंत्र उपक्रम नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस आला. तोपर्यंत मोठ्यांच्या गोळ्या मोडून तुकडे दिले जात. उपचार मिळाला नाही तर बाधित जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. अशा काळात पंढरपुरात मंगलताई शहा यांनी 'पालवी' उभी केली, लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी 'सेवालय' आणि बीड जिल्ह्यात दत्ता बारगजे यांनी 'इन्फंट इंडिया'. नातेवाइकांनी टाकलेल्या मुलांना या माणसांनी जवळ केले आणि त्यासाठी आजूबाजूच्या लोकांचा राग ओढवून घेतला. मग औषधे सुधारली. कडू सिरप गेले, पाण्यात विरघळणारी गोळी आली, आणि मुले मरायची थांबली. २००६ साली चार वर्षांचे असलेले मूल आज विशी ओलांडून गेले आहे. त्याला नोकरी हवी आहे, भाड्याची खोली हवी आहे, आणि कोणीतरी आवडलेलेही आहे.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते, की हा प्रश्न आता आपोआप संपत चालला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. आईला गरोदरपणात उपचार मिळाले नाहीत तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला नियमित एआरटी आणि बाळाला जन्मानंतर प्रतिबंधक औषध मिळाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. पण ही साखळी सोलापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात अनेकदा तुटते. इथे नाव नोंदवलेली बाई बाळंतपणाला माहेरी कलबुर्गीला किंवा विजापूरकडे जाते. ऊसतोडीवर निघालेले जोडपे एचआयव्ही तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेण्याच्या सहाव्या आठवड्यात तिसऱ्याच कारखान्याच्या फडात असते. आणि उद्यापासून एकही बाधित मूल जन्माला आले नाही असे मानले, तरी जे जन्मले आहेत त्यांना पुढची पन्नास-साठ वर्षे रोज औषध घ्यायचे आहे. नवे रुग्ण कमी होणे आणि जुन्यांची जबाबदारी संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे, तेव्हा निदान आपण तरी त्यांची गल्लत करू नये.

माझे म्हणणे असे, की या मुलांच्या दीर्घकालीन काळजीचा कणा औषध नसून सत्य आहे. ते मुलाला योग्य वयात, ओळखीच्या माणसाकडून आणि टप्प्याटप्प्याने सांगितले गेले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच मार्गदर्शक सूचना काढून सांगितले, की शाळकरी वयाच्या, म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या, मुलांना त्यांच्या आजाराची माहिती त्यांच्या समजेनुसार द्यावी. प्रत्यक्षात आपल्याकडे घरोघरी रक्तवाढीच्या गोळ्या, दम्याच्या गोळ्या, काविळीच्या गोळ्या चालू असतात. मुलाला खरे कळते ते फळ्यावरून, मोबाइलवरून, भांडणात चुलतभावाच्या तोंडून किंवा रिपोर्टवर नजर पडून. ज्या दिवशी कळते त्या दिवशी त्याला दोन गोष्टी एकदम समजतात : आपल्याला काय झाले आहे, आणि आपल्या माणसांनी ते आपल्यापासून लपवले. माझ्या अनुभवात मुले पहिली गोष्ट पचवतात, दुसरी फार उशिरा माफ करतात. गोळी थुंकणे हा त्या रागाचा हातात सापडलेला एकमेव मार्ग असतो.

न सांगणाऱ्यांच्या भीतीला मी कमी लेखत नाही. आई जिवंत असेल तर तिला एकच प्रश्न छळतो, की मूल विचारेल, "मग तुला कुठून झाला?" अव्वाची भीती आणखी व्यावहारिक होती. पोर आहे, मैत्रिणीजवळ बोलून जाईल. मग शेजारी नळावर भांडे लावू देणार नाहीत आणि घरमालक खोली सोडायला सांगेल. वस्तीत हे घडलेले तिने पाहिले होते. म्हणूनच सांगणे हे एका दिवसाचे काम नाही. सहाव्या वर्षी एवढे पुरते, की तुझ्या रक्तात एक जंतू झोपलेला आहे आणि ही गोळी त्याला उठू देत नाही. नवव्या-दहाव्या वर्षी दर वेळी रक्त का काढतात, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण) म्हणजे काय, आणि या गोष्टी घराबाहेर कोणाला सांगायच्या व कोणाला नाही, हे सांगता येते. बाराव्या वर्षी आजाराचे नाव. त्याच वेळी हेही, की रोज गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, तर पुढे लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही आणि मुलेही निरोगी होऊ शकतात. हे शेवटचे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीला वेळेवर ऐकायला मिळाले, तर ती त्या गोळीकडे वेगळ्या नजरेने पाहील.

बारा हे वय मी हवेतून काढलेले नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचे ३२ वे कलम असे सांगते, की बाधित कुटुंबाचा कारभार पाहणारे, पुरेशी समज असलेले बारा ते अठरा वर्षांचे मूल आपल्या धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते, मालमत्ता अशा कामांसाठी सही करू शकते. आईवडील गेलेल्या घरात थोरली बहीणच घर चालवते, हे ओळखून केलेली ही तरतूद मला या कायद्यातील सर्वांत समजूतदार तरतूद वाटते. पण तिचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. कायद्याच्या लेखी जी मुलगी भावाच्या उपचारासाठी सही करण्याइतकी मोठी आहे, तिला आपण स्वतःच्या गोळीचे नाव सांगण्याइतकी मोठी मानत नाही.

सांगायचे कोणी, हा यातला अवघड भाग. आजी सांगू शकत नाही, डॉक्टरांसमोर रांग असते. उरतो एआरटी केंद्रातला समुपदेशक. या कामाचा सारा भार ज्यांच्यावर आहे ते लोक वर्षानुवर्षे कंत्राटी आहेत, मानधनावर आहेत, आणि दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले की जातात. त्यांना दोष देता येत नाही. परंतु मुलाच्या बाजूने पाहिले तर आई गेली, वडील गेले, आणि ज्या ताईजवळ ते पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले ती ताईही एका महिन्यात खुर्चीवर दिसेनाशी झाली. नव्या माणसासमोर ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाही. ते "बरं आहे" म्हणून गोळ्या घेऊन निघून जाते. केंद्राच्या नोंदीत त्या दिवशीची भेट पूर्ण झालेली असते. गोळ्या मोजल्या जातात, आणि पावडरच्या डब्यातल्या गोळ्या मोजून मोरीत काय गेले ते कळत नाही. शासनाने बाकी काही केले नाही आणि मुलांसोबत काम करणारी समुपदेशकांची पदे तेवढी कायम केली, तरी पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील महागड्या औषधांवर होणारा बराच खर्च वाचेल असे मला वाटते.

आता अठराव्या वर्षाकडे येऊ. बाल न्याय कायद्यानुसार संस्थेतील निवास अठरापर्यंत, आणि अनुरक्षण (संस्था सोडल्यानंतरचा आधार) म्हणून सर्वसाधारणपणे एकवीसपर्यंत. बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये अठराव्या वर्षी थांबतात. त्यानंतर संजय गांधी निराधार योजना आहे. तिचे अनुदान २०२३ पासून दीड हजार झाले आणि एचआयव्हीबाधित तिच्यात बसतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे. म्हणजे महिन्याला १,७५०. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात महिनाभर राबणारा मुलगा या रेषेच्या कितीतरी वर जातो, आणि त्या पगारात तो काही सुस्थितीत जगत नसतो. ज्या मुलाने कमवायला लागावे असे आपण म्हणतो, त्याने कमावताच मदत काढून घेणारी ही रचना आहे. एस.टी.च्या मोफत प्रवासाच्या सवलतीतही एचआयव्हीबाधितांना घेतले आहे, हेतू चांगलाच आहे. पण अक्कलकोटच्या गाडीत, गावातले चार लोक बसलेले असताना, वीस वर्षांच्या पोराने कंडक्टरपुढे कोणते कार्ड धरायचे? मला माहीत असलेली मुले तिकीट काढून प्रवास करतात.

दवाखान्यातही याच वयात दार बदलते. लहान मुलांचे डॉक्टर, ओळखीची नर्स, वजन केल्यावर मिळणारी गोळी-बिस्किटे सुटतात आणि मूल मोठ्यांच्या रांगेत उभे राहते. उशिरा उपचार सुरू झालेल्या कित्येकांची उंची खुंटलेली असते. सतरा वर्षांचा मुलगा बारा-तेराचा दिसतो आणि त्या रांगेत चाळिशीचे पुरुष त्याच्याकडे वळून पाहतात. केंद्र चालते सकाळी, कॉलेजही सकाळी. औषध सोडण्याचे प्रमाण किशोरवयात आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर जास्त असते, हे जगभर दिसलेले आहे. नेमक्या त्याच वर्षांत आपण आधाराचे एकेक टेकू काढून घेतो. म्हणून माझी मागणी साधी आहे : जन्मतः बाधित मुलांसाठी काळजीचे वय अठरा न मानता पंचवीस मानावे. त्या वयापर्यंत मदतीला उत्पन्नाची अट नसावी, समुपदेशक शक्यतो एकच असावा, आणि एआरटी केंद्रात आठवड्यातून एक दुपार या वयोगटासाठी राखून ठेवावी. स्थिर रुग्णांना तीन-तीन महिन्यांची औषधे एकदम देण्याची पद्धत रुळली आहे; तेव्हा एक दुपार मोकळी करणे अशक्य नाही.

मग इतर अनाथांनी काय गुन्हा केला, असे मला एका स्नेह्यांनी विचारले. काहीच केला नाही. अठराव्या वर्षी रस्त्यावर येणे कोणत्याच मुलाच्या वाट्याला येऊ नये. पण इतर मुलाला दोन महिने विस्कटलेले जगून पुन्हा सावरता येते. या मुलाचे दोन महिने विस्कटले तर त्याचा विषाणू औषधाला सरावू शकतो, आणि एकदा सरावला की ते पुन्हा जागेवर आणता येत नाही.

संस्थांविषयी थोडे जपून लिहितो, कारण तिथल्या माणसांविषयी मला आदर आहे. फक्त एचआयव्हीबाधित मुलांची वेगळी घरे ही त्या काळाची गरज होती; नातेवाईक दार लावत होते, काही ठिकाणी गावच्या शाळा या मुलांना बसू देत नव्हत्या. आज मात्र शासनाने याला धोरण म्हणून धरू नये. आजी, मावशी, मोठी बहीण असेल तर पैसा आणि माणूस त्या घरी पोचला पाहिजे. कारण पन्नास बाधित मुलांत वाढलेल्या मुलाला आजार लपवावा लागत नाही, हे त्याचे सुख खरे. पण एकविसाव्या वर्षी बाहेर पडल्यावर त्याला एकाच आठवड्यात ते सारे शिकावे लागते, जे अव्वाच्या नातीला नळावर, शाळेत आणि लग्नकार्यात रोज थोडे थोडे शिकायला मिळाले.

लग्नाबद्दल आपल्या समाजात अजून १९९८ चालू आहे. त्या साली सर्वोच्च न्यायालयाने 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या खटल्यात बाधित व्यक्तीचा लग्नाचा हक्क जणू स्थगित असतो असे म्हटले होते; २००२ साली न्यायालयानेच ती टिप्पणी अनावश्यक ठरवली. लोकांना पहिला भाग आठवतो. बाधितांचे बाधितांशी लग्न लावून देणारे वधू-वर मेळावे होतात, त्यांतून संसारही चांगले उभे राहिले आहेत. पण तेवढाच मार्ग खुला आहे असे या मुलांना वाटू देणे चुकीचे आहे. जोडीदाराला आधी सांगितले पाहिजे, यात मला तडजोड दिसत नाही. मात्र जिला स्वतःलाच कधी नीट सांगितले गेले नाही, तिच्याकडून आपण दुसऱ्याला नीट सांगण्याची अपेक्षा कशी करतो?

त्या मुलीचे पुढे बरे झाले. टीबीचा कोर्स झाला, औषधे बदलली, आणि आता लेबल न खरवडलेली बाटली तिच्या कपाटात असते. गेल्या पावसाळ्यात ती नर्सिंगच्या वसतिगृहाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. ओळख देणाऱ्याची सही हवी होती. तिसऱ्या पानावर एक रकाना होता : 'दीर्घकालीन आजार असल्यास तपशील'. मी तिला म्हणालो, कोर्टाचा आदेश सोडला तर हे सांगण्याची सक्ती तुझ्यावर कोणी करू शकत नाही, शिक्षणसंस्था तर नाहीच, कायदा तुझ्या बाजूने आहे. ती जरा वेळ अर्जाकडे पाहत राहिली. "पण सर, मग हे अव्वासारखंच नाही का झालं? लपवणं?"

मी म्हणालो की अव्वाने तुझ्यापासून लपवले होते. वसतिगृहाचा कारकून हा तू नाहीस. तिला हे पूर्ण पटले असे मला वाटले नाही. मलाही तिच्या प्रश्नातले थोडे शिल्लक राहिल्यासारखे वाटले. मग तिने त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली, खालच्या रकान्यात रक्तगट लिहिला आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.